पुन्हा पांढरी तीन

आपल्याकडे गवयाचं वय पट्टीवरून कळतं. तरुणपणी ज्या पट्टीत नाटक गाजवलं, त्या पट्टीत साठीला तार षड्ज लागत नाही. मग पेटीवाल्याला आधीच सांगून ठेवावं लागतं, की आज अर्धा सूर खाली घ्या. श्रोत्याला कारण कळत नाही, पण काहीतरी बदललंय हे जाणवतं. गाणं तेच, बंदिश तीच, तरी धार कुठेतरी बोथटलेली असते.

मेटल म्हणजे दणदणीत, कडक रॉक संगीत; ते वाजवणाऱ्या बँडची पट्टी सहसा गळ्यावर ठरत नाही. ती गिटारच्या सगळ्यात जाड, सहाव्या तारेवर ठरते. मेटालिका या अमेरिकन मेटल बँडच्या पहिल्या पाच अल्बममध्ये, म्हणजे १९८३ ते १९९१ या काळात, ही तार बहुतेक गाण्यांत पांढरी तीनला (पेटीवरची तिसरी पांढरी पट्टी, पाश्चात्त्य नावाने ई) होती. १९९६चा ‘लोड’ आणि १९९७चा ‘रीलोड’ आले तेव्हा ती काळी दोनला, म्हणजे अर्धा सूर खाली, उतरली. २००३च्या ‘सेंट अँगर’मध्ये तर ती थेट पांढरी एकला, म्हणजे दोन सूर खाली, गेली. आणि १२ सप्टेंबर २००८ला ‘डेथ मॅग्नेटिक’ आला, तेव्हा ती पुन्हा पांढरी तीनला चढली. बँडचा गायक आणि गिटारवादक जेम्स हेटफिल्ड तेव्हा ४५ वर्षांचा होता. १९८६चा अल्बम ‘मास्टर ऑफ पपेट्स’ ध्वनिमुद्रित झाला तेव्हा तो २२चा होता.

‘बँड जुन्या आवाजाकडे परतला’ असं प्रत्येक म्हाताऱ्या मेटल बँडबद्दल दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी लिहितंच. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो, की गाणी जरा जलद झालीत आणि मुखपृष्ठावरचं बोधचिन्ह जुनं आहे. ‘डेथ मॅग्नेटिक’चं तसं नाही. त्यात जुन्या आवाजातली एकेक गोष्ट मुद्दाम, समजून-उमजून परत आणलेली आहे आणि ती नेमकी मोजून दाखवता येते. एक गोष्ट मात्र परत आली नाही. तीच सगळ्यात मोलाची होती, असं माझं ठाम मत आहे. तिच्याकडे जाण्याआधी परत आलेल्या गोष्टी नीट बघायला हव्यात, कारण त्या बघितल्याशिवाय काय हुकलं हे कळत नाही.

आधी तार. पांढरी तीनची सहावी तार सेकंदाला ८२.४ वेळा कंप पावते, पांढरी एकला तीच तार ६५.४ वेळा. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे तार न बदलता पट्टी पांढरी एकपर्यंत उतरवली, तर ताण जवळजवळ ३७ टक्के कमी होतो. काळी दोनला तो फक्त ११ टक्क्यांनी घटतो, तेवढा हाताला सहज सोसतो. ३७ टक्के ताण गेला की मात्र तार लोंबकळते. पिक (तार छेडायची छोटी चकती) लागल्याबरोबर ती आधी वरच्या सुरात जाते आणि मग खाली येऊन स्थिरावते. जोरात मारलं तर पहिला क्षण बेसूर निघतो. उपाय म्हणजे जाड तार. नेहमीची ०.०४६ इंचाची तार काढून ०.०५६ ते ०.०५८ इंचाची लावली की पांढरी एकलाही पूर्वीएवढा ताण मिळतो. पण जाड तारेचा आवाज उघडायला वेळ घेतो. नटच्या (मानेच्या टोकाशी तारा धरणाऱ्या पट्टीच्या) खाचा घासून रुंद कराव्या लागतात, नाहीतर तार तिथे अडकते आणि सूर टिकत नाही. ब्रिजवर, म्हणजे तारा खालच्या टोकाला जिथे टेकतात तिथे, इंटोनेशन (प्रत्येक पडद्यावर सूर बरोबर येणं) पुन्हा लावावं लागतं. हे सगळं नीट केलं तरी एक गोष्ट परत मिळत नाही: हाताखालून तार उसळून वर येणं.

जुन्या मेटालिकाचा आवाज त्या उसळीवर उभा आहे. त्यामुळे पांढरी तीनला परत येण्याचा निर्णय आठवणींपोटी घेतलेला नव्हता. तो हाताच्या सोयीचा निर्णय होता, आणि माझ्या मते अख्ख्या अल्बममधला तो सगळ्यात शहाणपणाचा निर्णय.

(‘सेंट अँगर’ची टिंगल करणाऱ्यांत मी नाही. त्या अल्बममध्ये एकही सोलो (गिटारचा एकल तुकडा) नाही, स्नेअर ड्रमच्या पोटाखालची तारांची जाळी सोडलेली असल्यामुळे तो पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो आणि गाणी संगणकावर तुकडे जोडून बांधलेली आहेत. पण एक बँड मोडायला आला असताना जसा आवाज यावा, तसाच तो आवाज आहे. त्यात खोटेपणा नाही.)

आता हात. मेटल न वाजवणाऱ्यांना वाटतं, या संगीताचा जोर डाव्या हाताच्या वेगात आहे. तो उजव्या हातात आहे. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ या गाण्याची मुख्य रिफ (पुन्हा पुन्हा येणारी गिटारची सुरावट) मिनिटाला २१२ ठोक्यांच्या आसपास चालते. प्रत्येक ठोक्यात दोन आघात धरले तर मिनिटाला ४२४, म्हणजे सेकंदाला सात. हे सगळे आघात हेटफिल्ड वरून खालीच मारतो. खाली-वर, खाली-वर असं आलटून-पालटून मारलं तर अर्ध्या कष्टात तीच गती मिळते. पण खालून वर येणारा आघात नेहमी थोडा हलका, थोडा पातळ पडतो, कारण पिक आधी बारीक तारांच्या बाजूने येतं आणि मनगटाचं वजन त्यामागे नसतं. त्या रिफमध्ये प्रत्येक आघात सारख्याच वजनाचा हवा. तबल्यात एकच बोल द्रुत लयीत सारख्या दाबाने काढणं जितकं अवघड, तितकंच हेही अवघड आहे.

ज्यांना हे शिकायचंय त्यांनी २१२ला हात घालू नये. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) १४०वर ठेवा. एकाच तारेवर, एकाच सुरावर, प्रत्येक ठोक्याला दोन असे फक्त खालचे आघात दोन मिनिटं मारा. एक मिनिट थांबा. पुन्हा दोन मिनिटं. हात न आखडता हे तीनदा जमलं, तरच चार ठोक्यांनी वेग वाढवा. कोपरापासून मनगटापर्यंतचा स्नायू जळायला लागला की थांबायचं. जळत्या हाताने रेटलं तर खांदा वर चढतो, पिकवरची पकड घट्ट होते आणि तीच चुकीची सवय पक्की होते. पिक जाड हवं, १ मिलिमीटरच्या वरचं. पातळ पिक वाकतं, आणि परत सरळ व्हायला जो वेळ घेतं तो सेकंदाला सात आघातांत परवडत नाही. पिकचं टोक तारेच्या खाली दीड-दोन मिलिमीटरच उतरावं. नवशिका पाच मिलिमीटर खुपसतो, मग हात प्रत्येक वेळी तारेतून उपसून काढावा लागतो आणि १६०च्या पुढे गाडी सरकत नाही.

याच हाताचं दुसरं काम म्हणजे तळव्याची कड ब्रिजवर टेकवून तार दाबणं. इथे एकेक मिलिमीटर मोजावा लागतो. तळवा नेमका सॅडलवर, तारेच्या उगमाशी टेकला तर आवाज दाट आणि थोडा लांबणारा येतो. तीन-चार मिलिमीटर पुढे सरकला तर ‘चग्’ असा बंद आवाज येतो. आणखी पुढे गेला तर सूरच मरतो, नुसती टकटक राहते. हेटफिल्डची खुबी अशी, की तो गाणं चालू असताना ही जागा बदलत राहतो. एकाच रिफमध्ये चार आघात बंद, पाचवा अर्धा उघडा, सहावा पूर्ण मोकळा. लिहिलेल्या टॅबमध्ये (गिटारच्या लिपीत) हे दिसत नाही, आणि टॅब बघून वाजवणाऱ्यांची रिफ अचूक असूनही निर्जीव लागते ती यामुळेच.

‘डेथ मॅग्नेटिक’मध्ये हा हात पूर्ण परतलेला आहे. ‘ऑल नाइटमेअर लाँग’ ऐका. रिफ सुरू झाली की आघातांमधलं अंतर कुठेही हलत नाही, आणि उघड्या-बंद आवाजाची ती खेळी प्रत्येक ओळीत आहे. ४५ वर्षांच्या माणसाने हे केलं याचं मला खरोखर कौतुक वाटतं. गळ्याप्रमाणे मनगटालाही वय असतं.

मग अ‍ॅम्प, गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र. जुना आवाज म्हटलं की सगळे आधी अ‍ॅम्पच्याच मागे लागतात. १९८४च्या जानेवारीत बॉस्टनमध्ये बँडचं सामान चोरीला गेलं आणि त्यात हेटफिल्डचा लाडका मार्शल अ‍ॅम्पही गेला. कोपनहेगनच्या स्वीट सायलेन्स स्टुडिओत निर्माता फ्लेमिंग रासमुसेनबरोबर ‘राइड द लाइटनिंग’ करताना त्यांना दुसरे मार्शल आणून त्यांतून आवाज शोधावा लागला. (त्या अल्बमबरोबर गिटार वाजवून बघितली तर एक गोष्ट लक्षात येते. अख्खी रेकॉर्ड नेहमीच्या सुरापेक्षा किंचित चढी आहे. गिटार ट्यूनरवर अचूक लावूनही बेसूर लागत असेल, तर कानाला दोष देऊ नका, तारा थोड्या चढवा.) त्यानंतर ‘मास्टर ऑफ पपेट्स’साठी मेसा बूगी कंपनीचा मार्क टू-सी-प्लस आला, आणि आज ज्याला सगळे ‘मेटालिकाचा आवाज’ म्हणतात तो तिथे जन्मला.

या अ‍ॅम्पमध्ये काय विशेष आहे हे समजलं, की तो विकत घेण्याची गरज उरत नाही. त्यात बास, मिडल, ट्रेबलची बटणं डिस्टॉर्शनच्या (आवाज फाडण्याच्या) आधी येतात आणि पाच पट्ट्यांचा ग्राफिक इक्वलायझर त्यानंतर; त्याची प्रत्येक पट्टी आवाजाचा एकेक भाग वर-खाली करते. त्या पाच पट्ट्या म्हणजे ८०, २४०, ७५०, २२०० आणि ६६०० हर्ट्झ. आता गंमत बघा. डिस्टॉर्शनमध्ये जाणाऱ्या आवाजात खर्ज जास्त असेल तर तो बाकीच्या सुरांवर बसतो, सगळं फुगतं आणि बंद आघात चिखलात पाय रुतल्यासारखा येतो. म्हणून आधीचं बासचं बटण जवळजवळ शून्यावर, शून्य ते दोनच्या मध्ये. ट्रेबल सात-आठ. मिडल कमी. या स्थितीत इक्वलायझर बंद ठेवून ऐकलं तर आवाज पातळ, करकरीत, न आवडणारा लागतो, आणि इथेच बहुतेक जण घाबरून बास वाढवतात. वाढवायचा नाही. इक्वलायझर चालू करून ८० हर्ट्झची पट्टी वर घ्यायची, ७५०ची चांगली खाली आणि ६६००ची वर. घासून, कडक झालेल्या आवाजाला खर्ज नंतर जोडला की तो घट्ट राहतो. खर्ज आधी कमी आणि नंतर जास्त, एवढंच त्याचं गुपित.

हेच घरी करायचं तर ट्यूब स्क्रीमर प्रकारचा पेडल (पायाने दाबायची डबी) पुरतो. त्याच्या सर्किटमध्ये ७२० हर्ट्झच्या खालचा भाग कमी उचलला जातो, त्यामुळे खर्ज आपोआप छाटला जातो. ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल पूर्ण, टोन मध्यावर. या पेडलचं काम आवाज फाडणं नाही, अ‍ॅम्पमध्ये जाण्याआधी आवाज आवळणं हे आहे. मग अ‍ॅम्पचा गेन (डिस्टॉर्शनचं प्रमाण) जेवढा हवासा वाटतो त्याच्या तीन चतुर्थांश ठेवा. जास्त गेन एकट्याने वाजवताना भव्य वाटतो. पण ध्वनिमुद्रणात तीच रिफ डावीकडे एकदा आणि उजवीकडे एकदा अशी दोनदा वाजवून भरायची असते, आणि दोन्हींचा गेन एकत्र आला की आघाताची कड विरघळते. हा दुसरा हिस्सा खरोखर पुन्हा वाजवलेलाच हवा. एकच ट्रॅक कॉपी करून दुसऱ्या बाजूला काही मिलिसेकंद सरकवला तर तो पोकळ, नळीतून आल्यासारखा ऐकू येतो.

माइकचंही थोडक्यात सांगते. शुअर एसएम५७, स्पीकरच्या जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, मधल्या घुमटाच्या कडेला. केंद्राकडे सरकवला तर आवाज टोचतो, बाहेर नेला तर मंदावतो. दोन माइक लावणार असाल तर स्पीकरपासूनचं दोघांचं अंतर फुटपट्टीने मोजा. ३.४ सेंटिमीटरचा फरक पडला तर ०.१ मिलिसेकंदाचा उशीर होतो, आणि त्याने ५ किलोहर्ट्झजवळचा आवाज खाल्ला जातो. पिकचा कडाका नेमका त्याच्याच आसपास असतो. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तारा लवकर गंजतात, तेव्हा ध्वनिमुद्रणाच्या आदल्या दिवशी नव्या तारा लावा. जुन्या तारेवर कितीही ट्रेबल वाढवलं तरी ती चमक येत नाही.

आवाज खरोखरच एका डबीत सापडतो, असंही एक उदाहरण आहे, आणि ते सांगितलं नाही तर अन्याय होईल. स्वीडनच्या एंटोम्ब्ड, डिसमेंबर या बँडांचा १९९०च्या सुमाराचा आवाज म्हणजे बॉस कंपनीचा एचएम-२ हा पेडल, चारही बटणं शेवटपर्यंत फिरवून. स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत टोमास स्कोग्सबर्गने तो आवाज घडवला. त्या बँडांना मागे फिरायचं असेल तर तो पेडल शोधला की अर्धं काम होतं. मेटालिकाचं तसं नाही. त्यांच्या आवाजात कुठल्याही यंत्रापेक्षा माणसाचा हात जास्त आहे.

‘डेथ मॅग्नेटिक’चा निर्माता रिक रूबिन. त्याने सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडते. बँडला त्याने सुचवलं, की आपण मेटालिका आहोत हे विसरा. तुमच्याकडे एकही गाजलेलं गाणं नाही आणि नव्या बँडांच्या स्पर्धेत तुम्हाला स्वतःला सिद्ध करायचंय, असं समजून लिहा. याच्या आधीची जवळजवळ १५ वर्षं हा बँड बॉब रॉक या निर्मात्याबरोबर काम करत होता आणि मागे वळून बघणं म्हणजे हार मानणं, अशी त्यांची वृत्ती झाली होती. ती गाठ रूबिनने सोडवली.

गाठ सुटल्याची खूण गाण्यांच्या रचनेत दिसते. १९८४, १९८६ आणि १९८८ या तिन्ही अल्बममध्ये चौथं गाणं एका विशिष्ट घडणीचं आहे. संथ, स्वच्छ गिटारने सुरुवात, मधे दुःख, आणि शेवटी वेगाचा स्फोट. ‘फेड टू ब्लॅक’, ‘सॅनिटेरियम’, ‘वन’. ‘डेथ मॅग्नेटिक’चं चौथं गाणं ‘द डे दॅट नेव्हर कम्स’ नेमकं त्याच घडणीचं आहे. पहिल्या चारही अल्बममध्ये एकेक वाद्यसंगीताची रचना होती, ती १९८८नंतर बंद झाली होती. इथे ‘सुइसाइड अँड रिडेम्प्शन’ ही जवळजवळ दहा मिनिटांची रचना आहे. सोलो परत आले. सोलो वाजवणाऱ्या कर्क हॅमेटला ‘सेंट अँगर’मध्ये हात बांधून बसावं लागलं होतं, इथे तो पहिल्याच गाण्यात सुटतो.

इथे माझी एक तक्रार आहे. दहा गाणी, पाऊण तासाच्या जागी सव्वा तास. सगळ्यात छोटं गाणं पाच मिनिटांचं. ‘मास्टर ऑफ पपेट्स’मधली गाणीही लांब होती, पण तिथे एका रिफमधून दुसरी उगवायची. त्यातली ‘ओरायन’ ऐका. मधला संथ भाग सुरू होतो तेव्हा पहिल्या भागाचं कर्ज फिटतंय असं वाटतं. त्यामागे बेस गिटार वाजवणाऱ्या क्लिफ बर्टनचा कान होता. संगीताचं रीतसर शिक्षण घेतलेला, स्वरांच्या जोड्या बांधण्यात रमणारा तो माणूस २७ सप्टेंबर १९८६ला स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला, अवघ्या २४व्या वर्षी. ‘डेथ मॅग्नेटिक’मध्ये काही ठिकाणी रिफ शेजारी-शेजारी ठेवलेल्या आहेत. एक संपते, दुसरी लागते. प्रत्येक चांगली आहे, पण मधला सांधा दिसतो. रॉबर्ट त्रुहियो हा अत्यंत ताकदीचा बेसवादक आहे आणि दोष त्याचा नाही. एका माणसाची जागा कौशल्याने भरत नसते. आणि ‘द अनफरगिव्हन थ्री’ तर मुळात १९९१च्या वंशातलं गाणं आहे. ते या घरात पाहुणं वाटतं.

तरीही सगळी बेरीज केली तर हात परत आला, पट्टी परत आली, रचना परत आली, सोलो आले, स्नेअरच्या तारा पुन्हा आवळल्या गेल्या. मग काय राहिलं?

हवा राहिली. दोन आघातांच्या मधली मोकळी जागा.

सीडीवर आवाजाला एक छत असतं, त्याच्यावर काहीही जाऊ शकत नाही. ‘मास्टर ऑफ पपेट्स’च्या जुन्या सीडीत स्नेअरचा आघात त्या छताच्या जवळ जातो आणि गिटारची भिंत त्याच्या बरीच खाली उभी असते. त्यामुळे स्नेअर छातीवर बसतो. १९९०च्या दशकापासून रेकॉर्ड कंपन्यांत दुसऱ्यापेक्षा मोठं ऐकू येण्याची चढाओढ लागली. मोठं करायचं म्हणजे सगळा आवाज वर उचलायचा. पण छत तेवढंच, म्हणून वर उसळणाऱ्या आघातांची डोकी छाटायची. या छाटणीचं एक माप आहे, डायनॅमिक रेंजचा आकडा: गाण्याचे उंच टोक आणि त्याची सरासरी पातळी यांत किती अंतर आहे, ते डेसिबलमध्ये. ‘मास्टर ऑफ पपेट्स’च्या जुन्या सीडीला तो १२च्या आसपास भरतो. ‘डेथ मॅग्नेटिक’ला ३.

तीन. म्हणजे स्नेअर आणि गिटारची भिंत जवळजवळ एकाच उंचीची. लाटेचं टोक छाटलं की तिथे सपाटी येते, आणि ती सपाटी कानाला करकर म्हणून ऐकू येते. ‘द डे दॅट नेव्हर कम्स’मध्ये ड्रमचे ठोके पडताना ही करकर स्पष्ट ऐकू येते. तो गिटारचा डिस्टॉर्शन नाही, कुणी वाजवलेला आवाजच नाही तो. इतक्या वर्षांनी परत आणलेला तो हात, तो एकेक मिलिमीटरचा तळवा, बंद-उघड्या आघातांचा तो फरक, सगळं या सपाटीखाली गाडलं गेलं. वाजवणाऱ्याने हलका मारलेला आघात आणि जोरात मारलेला आघात यांची उंची सारखी झाली, तर इतका जपून वाजवल्याचा उपयोग काय? हे मला आजही लागतं.

हे लोकांच्या ध्यानात आलं ते एका व्हिडिओ गेममुळे. अल्बम बाजारात आला त्याच दिवशी तो ‘गिटार हीरो थ्री’ या खेळासाठीही उपलब्ध झाला. खेळाला गिटार, बेस, ड्रम वेगवेगळे लागतात, त्यामुळे तिथे दिलेले ट्रॅक छाटणीच्या आधीचे होते. चाहत्यांनी ते उतरवून घेतले, सीडीशेजारी ठेवून ऐकले आणि आलेख काढले. एका आलेखात शिखरं आणि दऱ्या दिसतात, दुसऱ्यात विटांची भिंत. अल्बम नव्याने मिक्स करा (वेगवेगळे ट्रॅक पुन्हा एकत्र जुळवा), म्हणून हजारो सह्यांचा अर्ज गेला. मास्टरिंग, म्हणजे मिक्सवरचा शेवटचा हात फिरवणारे टेड जेन्सन यांनी एका चाहत्याला कळवलं, की मिक्स त्यांच्या हाती आलं तेव्हाच चेपलेलं होतं. बँड मात्र आपल्या आवाजाच्या पाठीशी उभा राहिला.

तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. आपल्या सीडीवरून दोन्ही अल्बममधलं एकेक गाणं त्यात उघडा. आधी नुसता आलेख बघा. ‘मास्टर ऑफ पपेट्स’मध्ये प्रत्येक स्नेअर काट्यासारखा वर आलेला दिसेल. मग दोन्ही गाण्यांची श्राव्य पातळी उणे १८ लफ्सवर (कानाला जाणवणारी पातळी मोजायचं एकक) आणा. हे केल्याशिवाय तुलना करू नका, कारण मोठं वाजणारं गाणं पहिल्या अर्ध्या मिनिटात कानाला नेहमीच चांगलं वाटतं. सगळी फसगत तिथेच होते. पातळी सारखी झाली की ‘डेथ मॅग्नेटिक’ अचानक लहान होतं, कोपऱ्यात उभं राहिल्यासारखं. स्पॉटिफायही आज सगळी गाणी उणे १४ लफ्सच्या जवळ आणून वाजवतं. म्हणजे ज्या मोठेपणासाठी आघातांची डोकी छाटली, तो मोठेपणा ऐकणाऱ्यापर्यंत पोचतच नाही. छाटलेलं मात्र छाटलेलंच राहतं.

स्वतःची गाणी घरी मिक्स करणाऱ्या आपल्याकडच्या पोरांना म्हणून कळकळीने सांगावंसं वाटतं. लिमिटर (आघातांची टोकं छाटणारं साधन) लावताना आवाज चढवत जा आणि फक्त स्नेअर ऐका. ज्या क्षणी स्नेअर पुढून मागे सरकला, त्या क्षणी थांबा आणि दोन डेसिबल खाली या. गिटार ऐकून ठरवू नका. डिस्टॉर्शन झालेली गिटार मुळात चेपलेलीच असते, तिला काही कळत नाही. धोक्याची पहिली खबर ड्रम देतो.

अल्बमनंतर बँड दौऱ्यावर निघाला तेव्हा गिटारी पुन्हा काळी दोनला उतरल्या. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून मंचावर ते त्याच पट्टीत वाजवत आलेत. १९९१च्या ध्वनिमुद्रणात हेटफिल्डचा गळा दुखावला होता, त्यानंतर तो रीतसर गाणं शिकला, आणि रोज रात्री दोन तास गायचं तर अर्धा सूर खाली येणं भाग होतं. ‘डेथ मॅग्नेटिक’ची गाणीही मंचावर अर्धा सूर खालीच वाजली. ३० ऑक्टोबर २०११ला बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर हा बँड भारतात पहिल्यांदा वाजला. दोन दिवस आधीचा गुरगावचा कार्यक्रम गोंधळामुळे ऐन वेळी रद्द झाला होता. बंगळुरूलाही गिटारी काळी दोनलाच होत्या. पण मंचाला छत नसतं. पट्टी उतरलेली असली तरी तिथे स्नेअरचा ठोका गिटारच्या भिंतीच्या वर उडतो, खाली येतो, आणि पुढचा ठोका पडेपर्यंत मधे रिकामी जागा उरते.